इटालियन सॉसेज आणि भाज्यांचे सूप : मूठभर मांस, भांडेभर भाज्या

अमेरिकेतील मोठ्या किराणा दुकानांत 'इटालियन सॉसेज' अशा नावाचे पाकीट हमखास मिळते. इटलीत मात्र खाटकाकडे जाऊन याच नावाने सॉसेज मागितले, तर 'कुठले?' असा प्रश्न तो विचारील. टस्कनीचे सॉसेज लसूण आणि मिरीचे, कालाब्रियाचे लाल मिरचीचे, सिसिलीचे बडीशेपेचे. पिडमाँट प्रांतातील ब्रा या गावचे तर प्रामुख्याने वासराच्या मांसाचे. उंब्रियातील नोर्चा हे गाव डुकराचे मांस कापण्याच्या व टिकविण्याच्या कौशल्यासाठी इतके नावाजलेले आहे, की त्या गावावरून इटालियन भाषेत असे मांस विकणाऱ्या दुकानालाच 'नोर्चिनेरिया' म्हणू लागले. या सगळ्यांना एकत्र बांधणारे 'इटालियन सॉसेज' हे नाव पडले ते अटलांटिक ओलांडल्यानंतर. सॉसेज आणि भाज्यांचे जे दाट, पोटभरीचे सूप आज घरोघरी 'इटालियन' म्हणून केले जाते, त्याची गोष्टही अशीच दोन किनाऱ्यांची आहे. ती ठाऊक असली, तर भांड्यात कोणती वस्तू किती घालायची हा प्रश्न बराचसा सुटतो.

लुकानियाचे देणे

सॉसेजला इटालियन भाषेत 'साल्सिच्चा' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी मीठ आहे. बारीक केलेले मांस, चरबी, मीठ आणि मसाला आतड्याच्या नळीत भरून ठेवण्याची ही युक्ती रोमनांना चांगलीच परिचित होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन पंडित वारो याने नोंदविले आहे, की सैनिकांनी हा पदार्थ दक्षिणेतील लुकानियाच्या लोकांकडून उचलला, म्हणून त्याला 'लुकानिका' हे नाव मिळाले. लुकानिया म्हणजे साधारणपणे आजचा बासिलिकाता प्रांत. अपिसियसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाकसंग्रहात लुकानिकाची कृती आहे आणि तिच्यात मिरीबरोबर चक्क जिरेही आहे. उत्तर इटलीत आजही सॉसेजच्या लांब, बारीक वेटोळ्याला 'लुगानेगा' म्हणतात, तर स्पेनमध्ये 'लोंगानिसा'. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रांताचे नाव असे खाटकांच्या दुकानांत टिकून राहिले आहे.

सॉसेज जुने असले, तरी शेतकऱ्याच्या ताटात ते रोज पडत असे, असे मुळीच नाही. मध्य इटलीत शतकानुशतके 'मेझ्झाद्रिया' नावाची अर्धेलीची पद्धत होती. कुळाने कसायचे आणि पिकाचा अर्धा वाटा मालकाला द्यायचा. असे नवे करार करण्यावर इटलीने बंदी घातली ती १९६४ मध्ये. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नव्हे. अशा घरात वर्षाकाठी एखादे डुक्कर पोसले जाई आणि ऐन हिवाळ्यात कापले जाई. त्याचा एकही भाग वाया जात नसे. मांड्यांचे हॅम खारवून ठेवायचे, चरबी वितळवून साठवायची, उरल्यासुरल्या तुकड्यांचे सॉसेज भरायचे. ताजे सॉसेज त्या काही दिवसांत संपे, बाकीचे टांगून वाळविले जाई. चांगला माल बऱ्याचदा विकला जाई. ग्रामीण इटलीची स्थिती तपासण्यासाठी १८७७ मध्ये नेमलेल्या संसदीय चौकशीतूनही, कष्टकऱ्यांच्या जेवणात मांस ही सणासुदीची वस्तू असल्याचेच चित्र समोर आले.

या सुपाचा जन्म अशा स्वयंपाकघरातला आहे. चुलीवर मोठे भांडे, त्यात परसातल्या भाज्या, घेवड्याच्या वाळल्या बिया, शिळा पाव आणि चव यावी म्हणून सॉसेजचा एखादा तुकडा, नाहीतर चरबीचा किंवा डुकराच्या कातडीचा. आपल्याकडे पातळ भाजीला सुक्या जवळ्याची मूठ जे काम करते, तेच काम इथे सॉसेज करते. मांसाची भूक भागविणे हा त्याचा उद्देशच नव्हता. भांडेभर भाजीला मांसाचा वास आणि चिकटपणा द्यायचा, एवढेच त्याचे काम.

अमेरिकेत उलटलेले प्रमाण

१८८० ते १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यातले बहुसंख्य दक्षिणेकडचे, म्हणजे बडीशेप आणि मिरची घालणाऱ्या प्रदेशांतले होते. तिथे त्यांना पहिल्यांदाच परवडेल अशा भावात मांस मिळू लागले. सणाची वस्तू रोजची झाली आणि सुपातले प्रमाण उलटले. चवीपुरता तुकडा होता, तिथे वाटीभर सॉसेज आले. पुढे उपाहारगृहांनी त्यात साय, चीज, बटाटे यांची भर घातली. 'झुप्पा तोस्काना' या नावाने अमेरिकेत लोकप्रिय असलेले सायीचे सूप या वळणाचे आहे. टस्कनीच्या शेतकऱ्याला त्यातली पालेभाजी तेवढी ओळखीची वाटली असती.

बडीशेपेचा वारसा मात्र अमेरिकेने कायद्यात बसविला. तेथील कृषी खात्याच्या नियमानुसार 'इटालियन सॉसेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मीठ, मिरी आणि बडीशेप किंवा अॅनिस यांपैकी एक तरी असलेच पाहिजे. चरबी ३५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. सुपाच्या कोणत्याही कृतीत नुसते 'इटालियन सॉसेज' असे लिहिलेले आढळले, तर बडीशेप घातलेले, कच्चे, जाडसर कुटलेले डुकराचे सॉसेज असा त्याचा अर्थ घ्यावा.

आपल्या बाजारातील अडचण

भारतातील शहरांत बहुतेक ठिकाणी सॉसेज म्हणून जे मिळते, ते या जातीचे नसते. कोल्ड स्टोरेजच्या दुकानांतील चिकन किंवा पोर्क सॉसेजचे मांस अगदी गुळगुळीत वाटलेले असते आणि बहुतेक वेळा ते आधीच शिजविलेले असते. ते परतल्याने हवी तशी चरबी सुटत नाही, तळाशी तांबूस खरपूड धरत नाही आणि उकळत ठेवल्यास तुकडे रबरासारखे होतात. सूप बेचव झाल्याची तक्रार बहुधा इथे उगम पावते. असेच सॉसेज वापरायचे झाले, तर त्याच्या चकत्या वेगळ्या तव्यावर लाल करून अगदी शेवटी घालाव्यात आणि चवीसाठी त्यावर विसंबू नये.

गोव्याच्या चोरीसची आठवण इथे साहजिकच होते. त्याचे घराणे पोर्तुगीज आहे, इटालियन नव्हे. व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण यांत मुरवून वाळविलेला तो पदार्थ इतका तिखट-आंबट असतो, की थोडाच घातला तरी सूप लाल होते आणि भाज्यांची चव हरवते. चोरीसचा खरा सोयरा म्हणजे पोर्तुगालचे 'काल्दो व्हेर्दे'. बटाट्याच्या पातळसर सुपात बारीक चिरलेला हिरवा पाला आणि वर सॉसेजच्या दोन-चार चकत्या. चोरीस घरात असेल, तर ते सूप करावे. त्याला बळेच इटालियन करू नये.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सॉसेजचे मिश्रण घरीच कालविणे. सुपासाठी ते नळीत भरण्याचीही गरज नाही. अर्धा किलो डुकराच्या मांसाचा जाडसर खिमा घ्यावा, त्यात चौथा हिस्सा तरी चरबी असावी. ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा, दोन छोटे चमचे बडीशेप कोरडी भाजून अर्धवट कुटून, एक छोटा चमचा जाडसर मिरपूड, तीन पाकळ्या लसूण ठेचून आणि अर्धा चमचा मिरचीचे तुकडे त्यात घालावेत. तीन मोठे चमचे थंडगार पाणी किंवा रेड वाइन घालून हाताने दोन-तीन मिनिटे मळावे. मीठ आणि मळणे यांमुळे मांसातील प्रथिने चिकट होतात. मिश्रण बोटांना धरू लागले, की थांबावे. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास बडीशेप चरबीत मुरते. बडीशेपेचा सुगंध पाण्यापेक्षा चरबीत अधिक सहज उतरतो, म्हणून ती सुपात वरून टाकण्यापेक्षा खिम्यात मुरविणे केव्हाही श्रेयस्कर. मुखवासातली साखर लावलेली बडीशेप अर्थातच चालणार नाही.

डुकराचे मांस ज्या घरांत चालत नाही, तिथे कोंबडीच्या तंगडीचा खिमा घ्यावा. छातीचा खिमा फार कोरडा पडतो. चरबीची उणीव दोन चमचे ऑलिव्ह तेलाने काही प्रमाणात भरून निघते. मसाला तोच.

घेवडा आणि टोमॅटो : दोघेही पाहुणे

इटालियन सुपाचे प्राण समजले जाणारे दोन पदार्थ, टोमॅटो आणि घेवड्याच्या बिया, अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आले. पुढे टस्कनीच्या लोकांनी घेवड्याशी अशी गट्टी केली, की इतर इटालियन त्यांना 'घेवडेखाऊ' म्हणून चिडवू लागले. पांढरा 'कान्नेल्लीनी' आणि ठिपक्यांचा 'बोर्लोत्ती' हे तिथले लाडके प्रकार. आपल्याकडे पांढरा राजमा किंवा चित्रा राजमा त्यांना जवळचा आहे. चवळीही चालते, सूप थोडे हलके होते इतकेच.

भाज्यांच्या दाट सुपाला 'मिनेस्त्रोने' म्हणतात आणि त्याची एकच एक कृती नाही. मिलानमध्ये त्यात तांदूळ पडतो, जेनोआत तुळशीच्या जातीच्या बेझिलची चटणी, टस्कनीत पाव. 'झुप्पा' हा शब्दच मुळात रसात बुडविलेल्या पावाचा आहे. आधुनिक इटालियन पाककलेचा आद्य लेखक पेल्लेग्रीनो आर्तुझी याने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मिनेस्त्रोनेच्या कृतीला एक प्रसंग जोडला आहे. १८५५ मध्ये लिव्होर्नो शहरी तो मिनेस्त्रोने जेवला आणि रात्रभर पोटदुखीने तळमळत राहिला. सारा दोष त्याने सुपाला दिला. दुसऱ्या दिवशी फ्लोरेन्सला परतल्यावर त्याला कळले, की लिव्होर्नोत कॉलऱ्याची साथ फुटली असून ज्याच्याकडे तो उतरला होता, तोच तिला आधी बळी पडला. सुपाची बदनामी टळली आणि आर्तुझीने ती कृती सुधारून छापली.

घेवड्याच्या बाबतीत मात्र खबरदारी खरोखरच हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात ते सर्वाधिक, पांढऱ्यात कमी; पण असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे होतात. मंद आचेवर अर्धवट तापलेला राजमा तर कच्च्याहूनही अधिक त्रासदायक ठरू शकतो. म्हणूनच विजेच्या 'स्लो कुकर'मध्ये कोरडा राजमा थेट टाकण्याची कृती धोक्याची आहे. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. आपल्या घरातील प्रेशर कुकर हे काम निर्वेधपणे करतो. कुकर नसलेल्या देशांतील पाककृती जशाच्या तशा उचलण्याचे काहीच कारण नाही.

राजमा आधी वेगळा शिजविण्याला आणखी एक कारण आहे. टोमॅटोच्या आंबटपणामुळे दाण्याची साल मऊ होत नाही. अर्धकच्चा राजमा टोमॅटोच्या रसात पडला, की तासन्‌तास उकळूनही तो टणकच राहतो. आपल्याकडे चिंच-कोकम डाळ शिजल्यावर घालतात, त्यामागचे कारणही हेच.

साहित्य (सहा ते आठ जणांसाठी) : वरीलप्रमाणे केलेले सॉसेजचे मिश्रण ३०० ग्रॅम, पांढरा राजमा २०० ग्रॅम, भिजवून शिजविलेला, त्याच्या पाण्यासह, दोन कांदे, दोन गाजरे आणि सेलरीचे दोन देठ, सर्व बारीक चिरून, लसणाच्या पाच पाकळ्या, पिकलेले लाल टोमॅटो ४०० ग्रॅम, साले काढून, दोन बटाटे, कोबी ३०० ग्रॅम, एक झुकिनी, पालक किंवा केल १५० ग्रॅम, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, रोझमेरीची एक काडी, पार्मेझान चीजच्या सालीचा बोटभर तुकडा, पाणी सुमारे दीड लिटर, मीठ व मिरपूड.

सॉसेज ३०० ग्रॅम आणि भाज्या त्याच्या पाचपट, हे प्रमाण जाणूनबुजून ठेवलेले आहे. अमेरिकी थाटाचे सूप हवे असल्यास सॉसेज अर्धा किलोपर्यंत वाढवावे, पण मग कोबी आणि पालेभाजी कमी करून चालणार नाही; सूप नुसते तेलकट होईल.

कृती : जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तेल तापवून सॉसेजचे मिश्रण लहान लहान लचके तोडून घालावे. लगेच हलवू नये. तळाला लागून चांगले तांबूस झाल्यावरच उलटावे. सुपाची निम्मी चव या सात-आठ मिनिटांत तयार होते. पातेले लहान असेल, तर खिमा दोन खेपांत परतावा, कारण गर्दी झाली की तो भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडतो. तुकडे काढून बाजूला ठेवावेत. पातेल्यात दोन चमचे चरबी राहू द्यावी, अधिक असल्यास काढून घ्यावी.

त्याच चरबीत कांदा, गाजर आणि सेलरी घालून चिमूटभर मीठ टाकावे आणि आच मंद करावी. या तिघांच्या परतण्याला इटालियन स्वयंपाकात 'सोफ्रित्तो' म्हणतात. आपल्या सवयीने कांदा लाल करण्याचा मोह इथे टाळावा. पंधरा मिनिटे शांतपणे परतून भाज्या मऊ, चकचकीत झाल्या पाहिजेत. तळाची खरपूड भाज्यांच्या ओलाव्याने सुटते, ती उलथन्याने खरवडून घ्यावी. लसूण आणि रोझमेरी घालून मिनिटभराने टोमॅटो घालावेत व ते आटून तेल सुटेपर्यंत शिजवावेत.

आता बटाटा, कोबी, चीजची साल आणि पाणी घालावे. राजम्यापैकी एक तृतीयांश दाणे ठेचून, बाकीचे अख्खे, त्याच्या पाण्यासह सोडावेत. ठेचलेल्या दाण्यांमुळे सूप दाट होते; कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही. सॉसेज परत पातेल्यात टाकून, झाकण किंचित उघडे ठेवून, पाऊण तास मंद उकळू द्यावे. झुकिनी शेवटच्या पंधरा मिनिटांत आणि पालक शेवटच्या तीन मिनिटांत घालावा. केल असेल, तर त्याला वीस मिनिटे द्यावी लागतात. मीठ सर्वांत शेवटी पाहावे, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट.

पार्मेझानची साल हा काटकसरीचा उत्तम नमुना आहे. ती मेणाची किंवा प्लॅस्टिकची नसते. चीजचाच वाळलेला बाहेरचा थर असतो. किमान १२ महिने मुरलेल्या या चीजमध्ये चवीला भरीवपणा देणारे ग्लुटामेट भरपूर असते आणि उकळल्यावर ते सुपात उतरते. साल खरवडून धुऊन टाकावी, वाढताना काढून घ्यावी. अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते, हे शाकाहारी आवृत्ती करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तमालपत्राबद्दल एक सूचना. इटालियन कृतीत जे पान असते ते लॉरेलचे, मधोमध एकच शीर असलेले. आपल्या तमालपत्राला तीन उभ्या शिरा आणि दालचिनीचा वास असतो. ते घातल्यास सुपाला पुलावाचा वास लागतो. लॉरेल नसेल, तर पान वगळावे. पिझ्झाबरोबर मिळालेल्या ओरेगॅनोच्या पुड्या संपविण्याचीही ही जागा नव्हे. त्यांतल्या अनेकांत मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात.

कच्च्या मांसाचा प्रश्न

सॉसेजचे मिश्रण कच्चे असताना त्याची चव पाहू नये. एक छोटी टिक्की तव्यावर पूर्ण भाजून मगच मीठ-मसाला जोखावा. अपुऱ्या शिजलेल्या डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला हा कृमी आणि पोर्क टेपवर्म शरीरात जाऊ शकतात. खिम्यासाठी आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस आणि कोंबडीसाठी ७४ अंश तापमान सुरक्षित मानले जाते. पाऊण तास उकळलेल्या सुपात ते सहज गाठले जाते. धोका राहतो तो सुरी, पाट आणि हातांवर. खिमा हाताळलेल्या पाटावर पालक चिरू नये.

मेंदूत टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी होतात, त्या मात्र मांस खाल्ल्याने होतात असा समज चुकीचा आहे. त्या या कृमीच्या अंड्यांमुळे होतात; आणि अंडी येतात ती मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून आणि न धुतलेल्या भाज्यांतून. म्हणजे मांसाला शिवत नसलेल्या घरालाही पालेभाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुणे चुकत नाही.

वाढणे आणि साठविणे

वाढताना खोलगट ताटलीत पावाचा भाजलेला, लसूण चोळलेला तुकडा ठेवून त्यावर सूप ओतावे, वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार सोडावी. पास्ता घालायचा असल्यास तो वेगळा उकडून प्रत्येकाच्या वाटीत घालावा. पातेल्यात घातलेला पास्ता रात्रभर रस पितो आणि सकाळी सुपाची खीर होते.

हे सूप दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते. टस्कनीतील 'रिबोल्लिता' या पदार्थाच्या नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेले' असा आहे; आदल्या दिवशीचे भाजी-घेवड्याचे सूप शिळ्या पावासह उकळून ते करतात. मात्र मुंबई-पुण्याच्या हवेत पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नये. उथळ भांड्यांत ओतून निववावे, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे, तीन दिवसांत संपवावे आणि लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे. फ्रीझरमध्ये ते दोन महिने राहते. फक्त बटाटा वितळल्यावर भुसभुशीत होतो. गोठवायचेच ठरले असेल, तर बटाटा वगळून थोडा अधिक राजमा घालावा.